आता उलटं करून दाव

द्वारकामावशी कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी तिचं वजन करायची. भाकरी असो, कोयता असो, कुणाचं तान्हं मूल असो. तळहातावर दोनदा वरखाली हलवायची आणि आकडा सांगायची. माझ्या रूपालीला तिनं पहिल्यांदा काखेत धरून उचललं तेव्हा रूपाली आठ वर्षांची होती आणि ट्रकमधून उतरायला तयार नव्हती. मावशीनं तिला खाली ठेवलं आणि म्हणाली, "अठरा किलो. त्यातला दोन किलो नुसता रुसवा."

पुढे पोरांची वजनं करायला दवाखान्याची गाडी आमच्या ऊसतोडीच्या कोप्यांवर आली. रूपाली साडेसतरा किलो भरली. मी मुद्दाम जाऊन मावशीला सांगितलं. ती चुलीतली लाकडं मागे ओढत म्हणाली, "रुसवा उतरून केलं असंल."

मावशी जाऊन आता तीन वर्षं झाली. तिच्या शेवटाला मी नव्हते, उसाच्या फडावर होते. रूपालीच्या जुन्या वहीत बरीच पानं कोरी राहिली आहेत, त्यांवर हे लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही, पण चौथीपर्यंत शिकले आहे, लिहिता येतं. मावशीला लिहिता येत नव्हतं. तेव्हा तिचं मीच लिहायला पाहिजे.

ती आमच्या नात्याची नव्हती. आमची गावं पाथर्डीकडची, दिवाळी झाली की अर्धं गाव ऊस तोडायला नदीकडे निघतं. त्या वर्षी आमची टोळी राहाता तालुक्यात, पुणतांब्याच्या अलीकडे उतरली होती. टोळीतल्या एका जोडप्याची ती मावशी, म्हणून सगळ्यांचीच मावशी झाली. नवरा कधीच गेलेला, मुलगा पुण्याला कंपनीत. तिनं स्वतः सारी उमर ऊस तोडला. डाव्या करंगळीचं अर्धं पेर कोयत्यानं नेलं होतं, आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "मला साडेनऊ बोटं हायेत." मग गुडघे गेले. तेव्हापासून ती टोळीबरोबर यायची ती कोप्या राखायला आणि पोरं सांभाळायला. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या आणि उसाचं पाचट यांची झोपडी. वाकून आत जायचं, वाकूनच बाहेर यायचं. अशा आमच्या नऊ कोप्या होत्या आणि आम्ही फडावर गेलो की त्या नऊ कोप्यांवर मावशीचं राज्य असायचं.

रूपालीचा रुसवा कशाचा होता ते सांगते. आदल्या वर्षी ती आमच्याबरोबर हंगामाला आली. सहा महिन्यांनी गावी परत गेली तर येत होतं तेवढंही वाचायचं विसरलेली. वर्गात गुरुजींनी उभं केलं, तोंडातून शब्द निघेना, आणि पोरं तिला "कोपीवाली" म्हणाली. त्या दिवसापासून शाळेचं नाव काढलं की ती ज्वारीच्या कणगीमागे जाऊन बसायची. तिचे पप्पा वाईट नाहीत. पण ते म्हणाले, "तिचं मन न्हाई तर कशाला वढायची? औंदा तिसरीचं काय व्हायचं ते होऊ दे. परत तसंच झालं तर शाळा बंद. तुझं तरी कुठं चौथीच्या म्होरं गेलं? काय अडलं?"

माझी शाळाही अशीच सुटली होती. आईबापाबरोबर श्रीगोंद्याकडच्या फडावर गेले ती परत वर्गात बसलेच नाही. काय अडलं ते मला माहीत होतं, पण सांगता येत नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी गुरुजी घरी आले. त्यांनी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यांचा एक गठ्ठा दिला. प्रत्येकावर वर 'घरी करून पाहा' असं लिहिलेलं, खाली विषय. गणित, मराठी, परिसर, चित्रकला. "ताई, रोज एक नाही झालं तरी चालेल," ते म्हणाले. "विकत काही आणायचं नाही. घरात असेल त्यातूनच करायचं." मी मान हलवली. पण गुरुजींच्या डोळ्यांपुढे होतं ते घर आणि आम्ही राहणार ते घर यांत फरक होता.

तो पहिल्याच कार्डाला कळला. मी फडावरून दुपारी आले, रूपालीला पुढ्यात बसवून वाचलं: "तुमच्या घराला दारे किती व खिडक्या किती ते मोजून लिहा." रूपालीनं कोपीकडे पाहिलं. दाराला दार नव्हतं, गोणपाट होतं. खिडकी तर नव्हतीच. तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि तोंड फिरवलं. मी दुसरं कार्ड शोधू लागले.

मावशी बाहेर भांडी घासत होती. तिनं राखेचा हात तसाच ठेवून विचारलं, "काय मोजाय सांगितलंय?"

"खिडक्या."

"मंग मोज की."

"न्हाईतच तर काय मोजू?" रूपाली ओरडली.

मावशी गोणपाट सारून आत आली. "ही काय हायेत?" तिनं जमिनीकडे बोट केलं. पाचटाच्या फटींतून ऊन येत होतं आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर त्याचे कवडसे पडले होते. लहान, मोठे, एक अगदी माझ्या कपाळावरच्या टिकलीएवढा. मी त्या कोपीत आठ दिवस राहत होते. मला ते दिसले नव्हते.

"जितकं उजेडाचं ठिपकं, तितक्या खिडक्या," मावशी म्हणाली. "मोज आन परतेकावर खडा ठेव."

रूपालीनं रुसूनच मोजायला घेतलं. सव्वीस भरले. सव्वीस खडे ठेवून झाले तेव्हा पहिल्या खड्यावरचा कवडसा बाजूला सरकलेला. ती म्हणाली, "मावशे, ह्यो पळाला!" दुसराही पळाला होता, तिसराही. मावशीनं काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुपारी आणि ऊन उतरताना असे तीनदा खडे ठेवायला लावले. तिसऱ्या दिवशी मी फडावरून आले तर रूपाली वाटेवरच उभी. म्हणाली, "आई, सूर्य इकडून तिकडं गेला की आपल्या खिडक्या तिकडून इकडं येत्यात."

मी डोक्यावरचा उसाच्या वाढ्यांचा भारा तसाच घेऊन उभी राहिले.

मला वाटलं, आता मावशी रूपालीला शाबासकी देणार. ती तिनं दिली नाही, कधीच कुणाला दिली नाही. ती एकच वाक्य बोलायची. "बरं. आता उलटं करून दाव." चढते अंक म्हटले की उतरते म्हणायचे. गाठ मारली की सोडायची. इथून विहिरीपर्यंत किती पावलं ते मोजलं की विहिरीवरून परत मोजत यायचं, आणि फरक पडला तर का पडला ते सांगायचं. "जाताना हंडा रिकामा हुता, येताना भरलेला, म्हून पावलं बारकी पडली," असं रूपालीनं सांगितलं तेव्हा मावशी नुसती "हं" म्हणाली. त्या "हं"साठी आमच्या कोप्यांवरची पाचही पोरं जीव टाकायची.

मग आमची रीतच पडली. दुपारी मी फडावरून आले की हातपाय धुऊन चुलीपाशी बसायचं आणि दुसऱ्या दिवशीचं कार्ड मावशीला वाचून दाखवायचं. ती भाकरी थापत ऐकायची. एकदाच. परत वाचायला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ऊस तोडत असताना तिकडे काय चाललं असेल या विचारानं माझा हात भरभर चालायचा. मी पूर्वी फडावरून घरी येताना दमलेली असायचे. त्या वर्षी घाई असायची.

तराजूची गोष्ट सांगितल्याशिवाय मावशी कळायची नाही. कार्डावर होतं, घरातल्या वस्तूंची वजनं करा. एक किलो, अर्धा किलो, पाव किलो. आमच्याकडे ना तराजू ना मापं. मावशीनं उसाचं एक सरळ टिपरू घेतलं, मधोमध सुतळी बांधली, दोन टोकांना दोन सारख्या जर्मनच्या ताटल्या टांगल्या. मिठाची नवी पुडी आणली. "ह्यो एक किलो. पुडीवर लिव्हलंय ना?" रूपालीनं वाचलं, हो, एक किलो. "आता अर्धा कसा करशील?"

रूपालीला जमेना. मलाही सुचलं नाही.

मावशीनं पुडी फोडली आणि दोन्ही ताटल्यांत थोडं थोडं मीठ ओतत गेली. इकडे एक मूठ, तिकडे एक मूठ, मग चिमूट, मग दोन दाणे. सगळं मीठ संपलं आणि दांडी आडवी झाली. "झाला अर्धा." मग एका ताटलीतलं बाजूला काढलं आणि उरलेलं परत दोन्हींत वाटलं. "ह्यो पाव." परत वाटलं. "ह्यो अदपाव." एकही माप न आणता तिनं मापं तयार केली. मग पोरांना ओढ्यात पाठवून त्या-त्या मिठाच्या वजनाचे दगड शोधून आणायला लावले. पोरं दिवसभर दगड आणत होती. किंचित जड असला तर मावशी परत पाठवायची. संध्याकाळी आमच्याकडे किलोचा, अर्ध्या किलोचा आणि पाव किलोचा दगड होता, आणि मीठ परत बरणीत गेलं होतं.

"मावशे, हे कुठं शिकलीस?" मी विचारलं.

"शिकाय कोन बसलंय? अडलं तवा केलं."

दोन दिवसांनी तो तराजू खोटा पडला. ताटल्या रिकाम्या, तरी एक बाजू खाली. पोरं म्हणाली, ताटली वाकली असेल. मावशी म्हणाली, "उलटं करून दाव." ताटल्यांची अदलाबदल केली. तरी तीच बाजू खाली. "मंग ताटल्या खऱ्या," ती म्हणाली. "खोटं दांडीत हाय." तिनं टिपरू सोडून डोळ्यांजवळ नेलं. वर गेलेल्या बाजूचं टोक कुणीतरी चावून खाल्लं होतं. चावल्याच्या खुणेत मधोमध एक रेघ शाबूत होती.

मावशीनं पाचही पोरांना ओळीनं उभं केलं. "आ करा."

चौघांचे दात होते तिथे होते. रूपालीचा पुढचा एक दात पडलेला होता.

मग मावशीला असं हसू फुटलं की तिला खाली बसावं लागलं. "आगं, जगानं तराजूत खोट केली, पर तराजू खाल्लेला कुनी ऐकलाय का?" आणि रूपालीही हसली. फळीतल्या भोकासारखं ते दात पडलेलं तोंड उघडून हसली. गाव सोडल्यापासून पहिल्यांदा. तराजूला मग बांबूची कामटी लागली. त्या दिवसापासून रूपाली कार्डाची वाट पाहू लागली.

आता माझी लाजेची गोष्ट. काही कार्डांवर मला न येणारे शब्द असायचे. मी ते गाळून पुढचं वाचायचे. कधी पूर्ण ओळच गाळायचे. मावशीला वाचता येत नाही, तिला काय कळणार, असं मला वाटायचं. एका दुपारी मी चित्रकलेचं कार्ड वाचून संपवलं. मावशीनं भाकरी तव्यावर टाकली आणि हात पुढे केला. "दाव बरं मला." तिनं कार्ड घेतलं, ओळींवर अंगठ्याचं नख ठेवत वरून खाली गेली. मग म्हणाली, "ह्याच्यावर बारा वळी हायेत. तू वाचताना मी मोजत हुती. तू नऊ येळा दम घेतलास."

मी खाली पाहत राहिले.

"सुमे," ती हळू म्हणाली, "न्हाई येत तर न्हाई येत म्हन. मला तर कायच येत न्हाई. पर गाळू नकोस. तुझी गाळलेली वळ पोरीला कुठनं मिळायची?"

न येणारा शब्द 'आकृतिबंध' होता. मावशी म्हणाली, मळ्याच्या मालकाची सून शिकलेली आहे, विहिरीवर येते, तिला जाऊन विचार. मी म्हणाले, मला नाही जमणार. मावशी म्हणाली, "मंग भाकरी तू थाप, मी जाती. पर मी कार्ड उलटं धरीन आन ती हसंल." मी गेले. विहिरीपाशी त्या बाईंसमोर नुसतीच उभी राहिले. शेवटी कार्ड पुढे करून त्या शब्दावर बोट ठेवलं. त्या चांगल्या होत्या. म्हणाल्या, "एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते ना, ती. तुमच्या पदराच्या काठावर आहे बघा, कोयरी, ठिपका, ठिपका, कोयरी." मी पदर हातात धरून जवळजवळ पळतच आले. मावशीनं ऐकलं आणि म्हणाली, "एवढंच व्हय?" आणि दुसऱ्या दिवशी पोरांनी उसाच्या पात्यांची चटई विणली होती. दोन वरून, एक खालून, दोन वरून, एक खालून. एका ठिकाणी चुकलेलं होतं, तिथे मावशीनं लाल चिंधी बांधून ठेवली होती, म्हणजे चूक कुठे झाली ते दिसावं.

त्यानंतर तिनं आणखी एक केलं. मी कार्ड वाचलं की ती रूपालीला म्हणायची, "आता तू वाच. आईनं खरं वाचलं का खोटं, ते सांग मला." रूपाली आईची चूक काढायला मिळते म्हणून अक्षर अक्षर लावून वाचायची. पहिल्यांदा एका कार्डाला अर्धा तास लागायचा. संक्रांतीपर्यंत ती माझ्या पुढे जाऊ लागली. एकदा मी अडखळले तर तिनंच शब्द सांगितला आणि मावशीनं माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला.

मी मावशीला अक्षरं शिकवायचं ठरवलं होतं. ती हसून नको म्हणाली. एकदा बळेच पेन्सिल हातात दिली. तिनं ती कोयत्यासारखी मुठीत धरली, तोलून पाहिली आणि परत दिली. "पाच ग्रॅम. माझ्या कामाची न्हाई." मग म्हणाली, "तू वाच, मी करती. दोघींलाबी सगळंच येत असलं तर एकमेकींकडं जायाचं कशाला?"

मोजायची तिची जुनी रीत होती, विसानं. मोळ्या मोजताना वीस झाल्या की पात्याला एक गाठ. मग गाठी मोजायच्या. एक इसा, दोन इसा, तीन इसा. पोरं तिच्याजवळ तसंच शिकली. "इसाच्या पोटात दोन दहा असत्यात, ते इसरू नगा," एवढं ती सांगायची. मी ऐकलं होतं. त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनात आलं नाही.

आणि एक कार्ड होतं जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं. कोप्यांवरून कारखान्याचं धुराडं दिसायचं. मावशीनं पोरांना एक डोळा मिटायला लावला, हात लांब करून अंगठा उभा धरायला लावला. "केवढं दिसतंय?" अंगठ्याएवढं. मग बैलगाडीच्या वाटेनं निम्म्याच्याही बरंच पुढे नेलं. तिथून तेच धुराडं वीतभर. परत आणलं. परत अंगठ्याएवढं. एक लहान पोर घाबरून म्हणालं, "मंग माझा बाप कारखान्यावर गेला की बारीक व्हतो का?" मावशीनं त्याला जवळ घेतलं. "न्हाई रं. मानूस लांब गेलं म्हून बारीक व्हत न्हाई. तुझा डोळा त्येला तसा धरतो. जवळ आला की हाय तेवढाच."

चैत्रात कारखाना बंद झाला आणि आम्ही परतलो. मावशी तिच्या गावच्या फाट्यावर उतरली, तराजू आणि तीन दगड रूपालीला देऊन.

शाळेत गेलो त्या दिवशी रूपालीचे पप्पाही आले. ते बोलले नव्हते, पण मला ठाऊक होतं, आज ते ठरवणार. आम्ही वर्गाच्या दाराशी उभे राहिलो. गुरुजींनी तिच्यापुढे काड्यांचा ढीग ठेवला. "मोज बरं किती."

तिनं भराभर मोजल्या. चार ढीग केले, वर पाच काड्या उरल्या. मोठ्यानं म्हणाली, "चार इसा आन पाच."

सगळा वर्ग हसला. गुरुजींनाही हसू आलं, वाईट नाही, पण आलं. "अगं, विसानं कोण मोजतं आता?" रूपालीची हनुवटी छातीला टेकली. मागच्या वर्षी टेकली होती तशीच. तिच्या पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखत होते. माझ्या बापानं माझ्या आईकडे तसंच पाहिलं होतं.

मग माझ्याकडून काय झालं ते मला अजून नीट कळत नाही. भरल्या वर्गात, गुरुजींसमोर, नवऱ्यासमोर मी दारातून म्हणाले, "रूपे, आता उलटं करून दाव."

तिनं वर पाहिलं. मग खाली बसली, आणि एकेक विसाचा ढीग मोडून त्याचे दोन-दोन केले. "आठ दहा," ती म्हणाली, "आन पाच. पंच्याऐंशी." मग कुणी न सांगता सगळ्या काड्या एकत्र करून पुन्हा चार ढीग घातले. "कसंबी मोजलं तरी पंच्याऐंशीच."

कुणी हसलं नाही. गुरुजी खाली तिच्यासमोर मांडी घालून बसले. गठ्ठ्यातलं एक कार्ड काढून वाचायला दिलं. तिनं वाचलं, 'आकृतिबंध' न अडखळता, बाराच्या बारा ओळी. गुरुजींनी मला विचारलं, "ताई, कुणी शिकवलं?" मी मावशीचं नाव सांगितलं. "शिक्षिका आहेत का?" म्हणाले. मी नाही म्हणाले, आणि पुढे काय सांगावं ते सुचलं नाही. अजूनही एका वाक्यात सुचत नाही.

घराच्या अंगणात आल्यावर तिचे पप्पा चपला काढता काढता म्हणाले, "दिवाळीनंतर द्वारकामावशी आपल्याकडं ऱ्हाईल का गं? पोरीला हितं शाळेत ठेवायची म्हंजी कुनीतरी पायजे."

मावशीला निरोप द्यायला मीच गेले, एसटीनं, एकटी. ती दारात शेंगा फोडत बसली होती. ऐकून घेतलं, आणि विचारलं, "आता वजन किती हाय तिचं?"

"एकवीस."

"पेलंल मला," ती म्हणाली आणि शेंगा फोडू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "जुनी कार्डं झाली. मास्तरला म्हनावं नवी काढ. आन वाचाय तू न्हाईस, तवा अक्षर मोठं काढ म्हनावं, रूपी घाईनं वाचती."

त्या हंगामाचे पाच महिने मावशी आमच्या घरात राहिली. रूपाली फोनवर रोज काय केलं ते सांगायची. फोन मावशीच्या कानाला लावला की ती म्हणायची, "मी बरी हाय, तू गाळू नकोस," आणि ठेवून द्यायची. आम्ही परतायच्या आधी पंधरा दिवस ती झोपेतच गेली. राहिलेले दिवस गुरुजींच्या मंडळींनी रूपालीला आपल्या घरी ठेवून घेतलं. ती चौथीचा एकही दिवस चुकली नाही. पुढच्या वर्षापासून मी फडावर गेले नाही. आज रूपाली सातवीत आहे. तराजू खुंटीला आहे.

मी मावशीला शेवटची पाहिली ती आम्ही निघालो त्या सकाळी. ट्रक भरला होता, भांडी, गोण्या, माणसं, सगळ्यांच्या वर मी. रूपाली मावशीचा हात धरून रस्त्याच्या कडेला उभी होती, गणवेशात, दप्तर पाठीला. तिच्या ओठांचं जे व्हायला लागलं होतं ते मला वरून दिसत होतं आणि मला वाटलं, आता ही रडणार आणि मग मी खाली उडी टाकणार. ट्रक सुटला. मावशी वाकून तिच्या कानात काहीतरी बोलली. मग दोघींनी हात वर केले.

मला वाटलं, निरोपाचा हात हलवतायत. पण हात हलत नव्हते. सरळ लांब केलेले होते, अंगठे उभे, आणि दोघींनी एकेक डोळा मिटला होता. रूपालीचं तोंड चाललं होतं. आवाज येत नव्हता, पण मला कळत होतं ती काय सांगते आहे ते. वीतभर. बोटाएवढी. अंगठ्याएवढी. ती रडत नव्हती, आम्हाला मोजत होती, आणि मावशी मान हलवत "हं" म्हणत होती.

ट्रक लांब चालला होता. मी गोणीवर नीट बसले, हात पुढे केला, अंगठा उभा धरला आणि एक डोळा मिटला. दोघी मिळून माझ्या एका नखात मावत होत्या. मी तशीच पाहत राहिले. मग बाभळींचं वळण आलं आणि नखापाशी नुसता रस्ता राहिला.